मुतखडा, पित्ताचा खडा आणि 'अश्मरी' नावाचा एक जुना शब्द

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. पण ज्यांच्या घरात सध्या कुणाला 'खडा' निघालाय, त्यांनी आजच वाचा.

ऊन चढलं की आपल्या ओझर-पिंपळगाव-निफाड पट्ट्यात हा शब्द जास्त ऐकू येतो. द्राक्षबागेत दिवसभर राबणारा माणूस घामाने निथळतो, पाणी मात्र दोन-चार ग्लासच पितो. मग एक दिवस पहाटे कमरेतून कळ निघते आणि माणूस गडाबडा लोळतो. सोनोग्राफी होते, रिपोर्ट हातात येतो आणि त्या दिवसापासून गाव औषध सांगायला लागतं. कुणी पानफुटीचं पान चावून खा म्हणतं, कुणी कुळथाचं पाणी, कुणी गोखरूचा काढा, कुणी अमुक गावच्या बाबांची पुडी.

याला माझी हरकत नाही, यातल्या काही गोष्टींना दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. माझी अडचण वेगळी आहे. मुतखडा असो की पित्ताशयातला खडा, गाव दोघांनाही तीच पुडी सांगतं. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही, मला जुनं वाचायची खोड आहे. म्हणून आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत या खड्यांबद्दल नक्की काय लिहिलंय ते शोधत गेलो. जे सापडलं ते इथे मांडतो.

सुश्रुत काय म्हणतो

संस्कृतात खड्याच्या आजाराला 'अश्मरी' म्हणतात. अश्म म्हणजे दगड. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाचा तिसरा अध्याय आणि चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय, असे दोन अख्खे अध्याय या एका आजारावर आहेत. आठ महाभयंकर रोगांची जी यादी सुश्रुताने दिली आहे, त्यात वातव्याधी, कुष्ठ, मूळव्याध, भगंदर यांच्या पंगतीला अश्मरी बसवली आहे. यावरून त्या काळी या आजाराची काय दहशत होती ते समजा.

खडा होतो कसा, हे समजावताना सुश्रुत माठाचं उदाहरण देतो. नव्या माठात अगदी स्वच्छ पाणी भरून ठेवलं तरी काही काळाने तळाशी गाळ बसतोच, तसाच मूत्राशयात खडा धरतो. आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला पटेल असं हे उदाहरण आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर लघवीत विरघळलेले क्षार जास्त झाले आणि पाणी कमी पडलं की ते खाली बसतात, त्यांचे स्फटिक होतात.

खड्याचे त्याने चार प्रकार सांगितले आहेत: कफाचा, पित्ताचा, वाताचा आणि शुक्राचा. कफाचा पांढरा, गुळगुळीत, मोठा, कोंबडीच्या अंड्यासारखा. पित्ताचा लालसर-पिवळा किंवा काळपट, बिब्ब्याच्या बीसारखा. वाताचा काळसर, खरखरीत, कदंबाच्या फुलासारखा काटेरी. हे वर्णन कुणीतरी खडे हातात घेऊन, निरखून केलेलं आहे. आजही कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा काढला तर तो असाच काटेरी निघतो.

आता नीट लक्ष द्या. हे चारही खडे 'बस्ती'तले, म्हणजे मूत्राशयातले आहेत. आणि सुश्रुत स्पष्ट सांगतो की हा आजार जास्त करून लहान मुलांना होतो. म्हणजे ज्या खड्यावर त्याने एवढं लिहिलं, तो आज आपल्याकडे चाळिशीच्या बागायतदाराला होणारा किडनीतला खडा नव्हेच. तो पोरांच्या मूत्राशयातला खडा होता.

औषध आधी, सुरी शेवटी, आणि तीही विचारून

सुश्रुताचा क्रम ठरलेला आहे. खडा नवा, लहान असेल तर औषध. त्यात वरुण म्हणजे आपला वायवरणा, गोक्षुर म्हणजे गोखरू किंवा सराटे, पाषाणभेद, कुळीथ, आणि वनस्पती जाळून काढलेले क्षार. एका ठिकाणी गोखरूच्या बियांचं चूर्ण मधातून, वर मेंढीचं दूध, असं सात दिवस घ्यायला सांगितलं आहे.

आणि खडा वाढला, औषधाला दाद देईना, तर कापून काढायचा. कसा, तेही बारकाईने दिलंय. रोग्याला धीर द्यायचा, मागून एकाने धरून ठेवायचा, गुडघे दुमडून बांधायचे. नाभीच्या डाव्या बाजूला चोळून, दाबून खडा खाली आणायचा. वैद्याने नखं काढलेल्या डाव्या हाताची दोन बोटं तेल लावून गुदद्वारातून घालायची, खडा पुढे ढकलायचा आणि शिवणीच्या डाव्या बाजूला, जवाएवढं अंतर सोडून, खड्याच्या मापाचा छेद द्यायचा. खडा अख्खा काढायचा, कणही मागे ठेवायचा नाही, कारण कण राहिला तर पुन्हा वाढतो. मग रोग्याला कोमट पाण्याच्या मोठ्या भांड्यात बसवायचं. भूल नावाची गोष्ट नसताना हे सगळं! ईथरची भूल जगात रूढ झाली ती १८४६ नंतर.

पण मला सगळ्यात मोठी वाटली ती वेगळीच गोष्ट. सुश्रुत म्हणतो, निष्णात वैद्याच्या हातूनही या शस्त्रक्रियेत यशाची खात्री नाही, म्हणून हा शेवटचा उपाय. केली नाही तर मृत्यू ठरलेला, केली तर जगण्याची शंका तरी आहे. म्हणून आधी राजाला हे सगळं सांगून, परवानगी घेऊन मगच हात घालावा. ग्रीकांकडे हिपोक्रेटिसच्या शपथेत वैद्य म्हणतो की मी खड्यासाठी कापणार नाही, ते काम करणाऱ्यांवर सोडीन. दोन्हीकडच्या जाणत्यांना आपल्या विद्येची मर्यादा माहीत होती आणि ती बोलून दाखवायची लाज वाटत नव्हती. आजच्या जाहिरातीतल्या 'शंभर टक्के गॅरंटी'शेजारी हे ठेवून बघा.

हात गेला, काढा राहिला

पुढच्या शतकांत ग्रंथ पाठ होत राहिले, पण कापणारा हात वैद्यांकडून सुटला. कौशल्य मेलं नाही, ते कारागिरांकडे गेलं. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून नवं बसवल्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपातले सर्जन चकित झाले. ती शस्त्रक्रिया करणारा शास्त्री नव्हता, वीटकाम करणाऱ्या जातीतला माणूस होता. वैद्यांकडे उरले ते काढे, चूर्णं आणि क्षार.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर कारखाना उभा राहिला आणि औषधं बाटलीत, डबीत मिळू लागली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली सुश्रुतसंहिता डल्हणाच्या टीकेसह छापली. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, १९०७ साली अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचं पहिलं अधिवेशन भरलं ते आपल्या नाशिकला. ते घडवून आणणारे वैद्य म्हणजे शंकर दाजी शास्त्री पदे. त्यांचं 'आर्यभिषक्' हे वनस्पतींच्या घरगुती उपयोगांचं जाडजूड मराठी पुस्तक अनेक घरांत देवघराशेजारी असायचं. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये पदेशास्त्री गेले. ज्ञान पोथीतून घराघरात नेण्याचं काम या पिढीने केलं आणि त्याबद्दल त्यांचे ऋण आहेतच.

पण घराघरात जाताना काही गोष्टींची सरमिसळ झाली. दोनच उदाहरणं देतो.

पहिलं, आपल्या कुंडीतली पानफुटी. आपण तिला 'पाषाणभेद' म्हणून खातो. पण ही वनस्पती मूळची मादागास्करची आहे. हिमालयात खडकांच्या फटीत उगवणारा आणि बाजारात पाषाणभेद म्हणून मिळणारा कंद वेगळा. देशात प्रांताप्रांतात निरनिराळ्या झाडांना हे एकच नाव आहे. दुसरं, 'हजरुल यहूद भस्म'. खड्याच्या अनेक औषधांत हे असतं. नावाचा अर्थ 'यहुद्यांचा दगड'. समुद्री साळूच्या काट्यांचे हे जीवाश्म, आणि त्यांचा वापर युनानी हकिमांकडून आपल्याकडे आला. परंपरा म्हणजे काही बंद पेटी नव्हे, तिच्यात बाहेरून भर पडत असते. तेव्हा 'हे सगळं सुश्रुतानेच सांगितलंय' असं कुणी म्हणालं तर जरा थांबून विचारायला हवं.

इंदूर, म्युनिक आणि आपलं मिग

१८७८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या बिगेलो या सर्जनने मूत्रमार्गातून उपकरण घालून, आतल्या आत खडा चुरडून एकाच बैठकीत धुऊन काढायची पद्धत मांडली. लहान मुलांवर ती करता येणार नाही असं तेव्हा मानत. ती मुलांवरही करता येते हे दाखवण्यात पुढे होते इंदूरच्या रेसिडेन्सीचे सर्जन कीगन. होळकरांच्या इंदुरात, १८८०च्या दशकात. पुढे मुलांच्या खाण्यात सुधारणा झाली. नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या पोरांना हा मूत्राशयाचा खडा होतो हे लक्षात आलं, आणि तो आजारच हळूहळू मागे पडला. सुश्रुताचा खडा सुरीने कमी झाला नाही, ताटातल्या फरकाने झाला.

त्याची जागा घेतली मोठ्या माणसांच्या किडनीतल्या खड्याने. आणि इथे आपल्या मिगवाल्यांना आवडेल अशी गोष्ट आहे. १९६४ पासून आपल्याकडे एचएएलचा कारखाना आहे, त्यामुळे विमानाच्या गोष्टी आपल्याला घरच्या. जर्मनीतली डॉर्नियर ही विमान बनवणारी कंपनी. आपल्या एचएएलच्या कानपूरच्या कारखान्यात जे डॉर्नियर विमान बनतं, तीच. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की पत्र्याला खड्डे पडतात, ते का, याचा अभ्यास करताना त्यांच्या इंजिनिअरांना आघाताच्या लहरींचं बळ कळलं. त्यातून शरीराला न कापता बाहेरून लहरी सोडून खडा फोडायचं यंत्र तयार झालं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या रोग्यावर वापरलं गेलं. सुरुवातीच्या त्या यंत्रात रोग्याला पाण्याच्या टबात ठेवत. सुश्रुतानेही रोग्याला पाण्यात बसवलं होतं, कारण मात्र वेगळं.

मग पित्ताच्या खड्याचं काय?

आता मुख्य मुद्दा. मी चरक पाहिला, सुश्रुत पाहिला, माधवनिदानात अश्मरीचं प्रकरण पाहिलं. पित्ताशयातल्या खड्याचा माणसातला स्वतंत्र आजार म्हणून विचार यात नाही. त्याची कळ आणि त्यातून होणारी कावीळ 'शूल' आणि 'कामला' या मोठ्या सदरांत येत असणार.

गंमत बघा, चरकाला जनावरातला पित्ताचा खडा माहीत होता. मूत्राशयात खडा कसा धरतो हे सांगताना तो गाईच्या पित्तात हळूहळू तयार होणाऱ्या गोरोचनाची उपमा देतो. गोरोचन म्हणजे गाईच्या पित्ताशयातला खडाच. म्हणजे उपमा पित्ताशयाची, पण आजार मात्र मूत्राशयाचा.

आणि घोटाळा इथे झाला. सुश्रुताचा 'पित्ताश्मरी' हा शब्द पित्तदोषाने झालेल्या मूत्राशयातल्या खड्याचा आहे. अलीकडे गॉलस्टोनला मराठी-संस्कृत नाव हवं होतं, तेव्हा तोच शब्द उचलला गेला. शब्द तोच, अवयव दुसरा. आणि त्या जुन्या शब्दासोबत जुनी औषधंही नव्या अवयवाला चिकटली. ज्या वरुणाचा, गोखरूचा, कुळथाचा जुना अनुभव लघवीच्या वाटेचा आहे, ती पुडी आज पित्ताच्या खड्यावर 'प्राचीन उपाय' म्हणून विकली जाते.

यात फरक काय पडतो? खूप पडतो. किडनीतल्या खड्याला बाहेर यायला वाट आहे. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे भरपूर पाणी प्यायलं की स्वतःहून पडून जातात, कधी दिवसांत, कधी काही आठवड्यांत. त्या काळात तुम्ही काढा प्यायलात, कुळथाचं पाणी घेतलंत, तर निदान पाणी पोटात जातं, तेही कामाचंच. यूरिक ॲसिडचा खडा तर लघवीतलं आम्ल कमी केलं की विरघळतोही. जुन्या क्षारांमागचा तर्क त्या एका प्रकाराला लागू पडतो. कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्याला, जो सगळ्यात जास्त आढळतो, तो लागू पडत नाही.

पित्ताशय मात्र टोकाला बांधलेल्या पिशवीसारखं. तोंड एकच, तेही अरुंद. तिथला खडा लघवीतून पडणार नाही, कारण ती वाटच नाही. आणि तो निघाला, पण पित्तनलिकेत अडकला, तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जिवावर बेतू शकते. पित्ताच्या खड्यात 'तो हलवणारं' औषध मागणं म्हणजे नेमकी हीच जोखीम मागणं. अस्वलाच्या पित्तात प्रथम सापडलेल्या एका आम्लाची गोळी आहे, तिने कोलेस्टेरॉलचे बारीक खडे काहींना महिनोन्महिने घेतल्यावर विरघळतात, पण पुन्हा होतात. दुसरीकडे, ज्यांना काहीच त्रास नाही आणि सोनोग्राफीत सहज खडा दिसला, त्यातल्या बहुतेकांना ऑपरेशनची गरज पडत नाही. इथे घाई डॉक्टरनेही करू नये. त्रास सुरू झाला की मात्र पित्ताशय काढणं हा उपाय आहे. बर्लिनच्या लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये ते पहिल्यांदा काढलं, आणि दुर्बिणीतून ते काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली.

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो 'सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबू' प्रयोग आठवतो का? सकाळी शौचातून हिरवे गोळे पडतात आणि लोक फोटो टाकतात, 'खडे पडले!' २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांची तपासणी आली. ते खडे नव्हतेच. प्यायलेल्या तेलाचा पोटात बनलेला साबण होता. आत खडे होते तिथेच.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे हायवेच्या कडेला 'बिना ऑपरेशन खडा गायब' असे फलक दिसतात. १९५४ सालचा औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ५४ आजारांची यादी देतो, ज्यांवर खात्रीशीर उपचाराची जाहिरात करायला बंदी आहे. त्या यादीत पित्ताशय, किडनी आणि मूत्राशय या तिन्ही ठिकाणचे खडे आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कायदा वैद्याला उपचार करायला बंदी घालत नाही, जाहिरात करून गॅरंटी विकायला घालतो. नगरपरिषदेने फलकांना परवानगी देताना एवढी यादी समोर ठेवली तरी पुरे.

आता सरळ बोलतो.

रिपोर्ट हातात आला की वैद्य असो की डॉक्टर, आधी तीन प्रश्न विचारा: खडा नक्की कुठे आहे? किती मिलिमीटरचा? वाट अडली आहे का, किडनीला सूज आहे का? ही उत्तरं न घेता कुणी पुडी देत असेल तर उठा. आणि कळ थांबली म्हणजे खडा पडला असं धरू नका. वाट अडवून बसलेला खडा कधी कधी गप्प होतो आणि किडनी आतून निकामी होत जाते. म्हणून पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करायची. खड्याच्या दुखण्यासोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखाना गाठा. एकच किडनी असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी तर अजिबात वाट पाहू नये.

दुसरं आपल्या बागायतदारांना. बागेत कामाला येणाऱ्या बाया पाणी कमी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. दिवसभर पाणी तोडायचं, लघवी दाबून ठेवायची, आणि मग दोष बोअरच्या जड पाण्याला द्यायचा. पाण्याच्या जडपणापेक्षा ते किती पोटात जातं याला जास्त महत्त्व आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं, असं किडनीचे डॉक्टर सांगतात. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी तीन-चार लिटरही कमी पडतं. छाटणीपासून काढणीपर्यंत बांधावर पाण्याचा जार आणि एक साधं शौचालय, एवढं केलं तर ते कुठल्याही काढ्याच्या आधीचं औषध आहे. माठात पाणी भरपूर आणि वाहतं असेल तर गाळ बसत नाही, हे सुश्रुताच्या उदाहरणातूनच निघतं.

आणि एक विनंती. ओझर, सुकेणे, पिंपळगाव, दिंडोरी भागात कुणाच्या घरी जुनं वैद्यकीचं बाड, पणजोबांची औषधांची वही असेल, तर मुतखड्यावरच्या पानांचा फोटो मला पाठवा. कुठल्या झाडाला कोण काय म्हणत होतं आणि ते नक्की कशावर देत होतं, हे आपल्या भागापुरतं तरी लिहून ठेवूया. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दाखवावं.